मंद आचेवरची महाकादंबरी: दोन नायिकांची अद्भुतकथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा एक लाख साठ हजार शब्दांचा झाला. तो वाचून मैत्रिणीने विचारलं, "या दोघी प्रेमात कधी पडल्या?" मी म्हटलं, "अगं, अख्खी कादंबरी त्याचीच तर आहे!" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, पाणीपुरवठ्याची आहे."

तिचं काही चुकलं नव्हतं. वेढा पडलेल्या किल्ल्यातल्या पाण्याच्या हिशोबावर मी चाळीस पानं खर्च केली होती, आणि ज्या दोघींसाठी तो किल्ला उभा केला त्या एकमेकींकडे बघून उसासे टाकण्यापलीकडे काही करत नव्हत्या. पुढच्या दोन खर्ड्यांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुम्ही राज्यं, जादू, युद्धं असलेली मोठी कादंबरी लिहायला घेतली असेल, आणि तिच्या पोटात दोन स्त्रियांचं सावकाश उमलणारं प्रेम असेल, तर यातलं बरंचसं तुमच्या कामाचं आहे.

आधी शब्दांचं बघू. 'सॅफिक' हा शब्द सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या नावावरून आला. ती साधारण २६०० वर्षांपूर्वी लेस्बॉस बेटावर होऊन गेली. दोन स्त्रियांमधल्या प्रेमाची कथा ती सॅफिक. त्यातली पात्रं स्वतःला काय म्हणवतात हा वेगळा प्रश्न. 'स्लो-बर्न' म्हणजे मंद आचेवरचं प्रेम. आच मंद असते, पण पेटलेली असते, आणि बहुतेक पहिले खर्डे नेमके हेच विसरतात.

लागणारं साहित्य

- एक वही, फक्त 'शिडी'साठी (पायरी ५ पाहा). ती नकाशाच्या वहीत मिसळू नका.
- हाताने काढलेला नकाशा. सुंदर नसला तरी चालेल, अंतरं मात्र लिहिलेली हवीत.
- दिवसवार वेळापत्रक: कोणत्या प्रकरणात कितवा दिवस, कोणता ऋतू, कोण कुठे.
- नावांची यादी, विभक्ती प्रत्ययांसकट.
- युनिकोडमध्ये टंकलेली फाइल. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो, आणि दीड लाख शब्द पुन्हा टंकायची हौस कुणालाच नसते.
- दोन वाचक. एक अद्भुतकथा कोळून प्यायलेला, आणि दुसरा आयुष्यात एकही न वाचलेला.

१. जगाआधी अडसर ठरवा

नवखा लेखक नकाशापासून सुरुवात करतो. मीही केली. डोंगर, नद्या, सात राज्यं, त्यांच्या वंशावळी. सहा महिने गेले, कथा शून्य.

त्याऐवजी एका प्रश्नाचं उत्तर आधी लिहा: या दोघींना एकत्र यायला नेमकं काय आडवं येतं? 'त्या लाजाळू आहेत' हे उत्तर आठशे पानं पुरत नाही. 'दोघींचा गैरसमज झाला' हे तर दहा पानंही पुरत नाही. वाचक म्हणतो, बोला ना एकदाचं, आणि पुस्तक मिटतो. अडसर असा हवा की दोघी शहाण्या आहेत, एकमेकींशी खरं बोलतात, तरीही तो हलत नाही.

माझ्या कथेत ओजसा ही चाल करून आलेल्या सैन्याची सेनापती, आणि इरा ही किल्ल्यातली दुभाषी. तहाच्या बोलण्यांसाठी इराला रोज शत्रूच्या छावणीत जावं लागतं. ओजसाचा प्रत्येक शब्द इराच्या तोंडून किल्ल्यात पोहोचतो. तिच्यावर विश्वास टाकावा तर सैन्य धोक्यात, न टाकावा तर तह होत नाही. हे ठरल्यावर मग किल्ला कुठे, नदी कुठे, वेढा किती महिन्यांचा, ही उत्तरं आपोआप पडत गेली. जग अडसरातून उगवू द्या. ते आधी बांधलंत, तर नंतर अडसर ठेवायला जागाच सापडत नाही.

२. लग्न, वारसा आणि कायदा यांचा निकाल लावा

तुमच्या जगात दोन स्त्रियांनी एकत्र राहणं निषिद्ध आहे, की कुणाच्या भुवईलाही ताण पडत नाही? दोन्ही चालतं, पण पहिल्या प्रकरणाआधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं. परिणाम असा, की तिसऱ्या प्रकरणात दोन सरदारणी नवरा-बायकोसारख्या खुशाल नांदत होत्या आणि अकराव्यात इरा 'लोक काय म्हणतील' म्हणून रडत होती.

माझं मत विचाराल तर समाजाचा विरोध हा अडसर म्हणून सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत वापरलेला. विरोध नसलेल्या जगातही वारसाहक्काचा प्रश्न उरतोच. सिंहासन रक्ताच्या वारसालाच मिळत असेल, तर राणीने कुणावर प्रेम करावं हे कुणी विचारत नाही, पण वारस कुठून आणणार हे सगळे विचारतात. दत्तक चालतं का? भाचीला गादी मिळते का? तहाच्या लग्नात वधू-वर कोण असू शकतात? असे तीन-चार नियम कागदावर मांडले तरी कथानकाला पुरेल एवढं भांडण तयार होतं.

३. नकाशाचा हिशोब एकदाच, पण नीट

इथे फार रमू नका. काही आकडे जवळ ठेवले की काम भागतं. बरी वाट असेल तर पायी माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. गाड्या, सामान घेऊन चाललेलं सैन्य पंधरा-वीस. घोडेस्वार रोज चाळीस-पन्नास, तेही घोड्याला विश्रांती देत. घोडा रात्रभर चौखूर उधळत नाही, काही किलोमीटरांतच त्याचा दम निघतो. शिवाय त्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. (हो, माझा पाणीपुरवठा इथूनच सुरू झाला.)

प्रवासाचे दिवस मोजायचे ते प्रेमासाठी. दोघी एका वाटेवर बारा दिवस आहेत, तर बारा रात्री आहेत, बारा वेळा शेकोटी पेटणार आहे, आणि त्यातल्या तुम्ही तीनच दाखवणार आहात. कोणत्या तीन, हा खरा प्रश्न.

४. नावं: मराठीतले तीन सापळे

पहिला सापळा प्रत्ययांचा. नाव कानाला कितीही गूढ वाटो, त्याला ने, ला, चा, शी, हून लावून मोठ्याने म्हणा. माझ्या एका राज्याचं नाव 'आर्ख्थ' होतं. 'आर्ख्थहून आर्ख्थच्या' असं एक वाक्य मोठ्याने वाचताना जीभ चावली, आणि राज्य त्याच दिवशी बुडालं.

दुसरा सापळा असा, की देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी (कॅपिटल) अक्षरं नाहीत. नगराचं नाव 'सावली' ठेवलंत तर 'ती सावलीत उभी राहिली' या वाक्यात ती झाडाखाली आहे की नगरात, ते देवच जाणे. रोजचा शब्द नाव म्हणून घ्यायचाच असेल तर त्याला जोड द्या: सावलगड, सावलपूर, काहीही.

तिसरा सापळा याचाच भाऊ. इराचं नाव आधी 'तारा' होतं. एका रात्री मी 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे 'तारा'चं 'इरा' केलं. सकाळी पाहते तर किल्ल्यातला म्हातारा पुजारी 'म्हाइरा पुजारी' झालेला, आणि डोंगराच्या उताराचा 'उइरा'. नाव बदलायचंच तर एकेक जागा बघून बदला, आणि आधी फाइलची प्रत काढून ठेवा.

आणखी एक. दोघींची नावं वेगळ्या अक्षराने सुरू होणारी आणि वेगळ्या लांबीची ठेवा. 'मीरण' आणि 'मीनल' अशी जोडी सहाशे पानं सांभाळणं वाचकावर अन्याय आहे.

५. जवळिकीची शिडी लिहून काढा

हीच ती वेगळी वही. माझ्या पहिल्या खर्ड्यात ओजसा आणि इरा चौदा वेळा भेटत होत्या आणि त्यातल्या अकरा भेटींनंतर दोघी भेटीआधी होत्या तशाच होत्या. नजरानजर, हृदयाचा ठोका चुकणं, निरोप. पुढच्या भेटीत पुन्हा तेच. हे मंद आचेचं शिजणं नव्हे, चूल विझलेली आहे.

वहीत चार रकाने आखा. भेट कुठे झाली. या भेटीत एकीला दुसरीबद्दल कोणती नवी गोष्ट कळली. कोणती गोष्ट आता परत घेता येणार नाही. दोघी एकमेकींना काय म्हणून हाक मारतात. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती भेट कापा, नाहीतर दुसऱ्या भेटीत मिसळा. माझ्या चौदा भेटींच्या नऊ झाल्या आणि प्रेम दुप्पट दिसायला लागलं.

तिसऱ्या रकान्यात काय येऊ शकतं? माझ्या वहीतल्या काही नोंदी: इरा ओजसाचं अपमानास्पद वाक्य मुद्दाम मवाळ करून सांगते आणि ओजसाच्या ते लक्षात येतं. ओजसा तंबूतला पहारा बाहेर पाठवते. इरा जखम धुते आणि पाठीवरच्या जुन्या फटक्यांबद्दल काही विचारत नाही. हे न विचारणं ओजसाला दिसतं. ओजसा इराच्या भाषेतला एक शब्द चुकीचा उच्चारते आणि इरा तो सुधारत नाही, कारण तिला तो तसाच ऐकायचा असतो. स्पर्श फार पुढे येतो. आधी माहिती, मग विश्वास, मग एकीने दुसरीसाठी मोडलेला छोटा नियम, मग मोठा.

कितव्या भागात काय यावं याचा ठोक नियम नाही. माझ्यापुरतं मी असं ठरवलं: साधारण चाळीस टक्क्यांवर एकीला स्वतःशी कबूल करावं लागतं, साठच्या आसपास दुसरीला, आणि पहिलं उघड बोलणं किंवा पहिलं चुंबन सत्तरच्या पुढे. शेवटच्या पानावर मात्र ते ढकलू नका. वाचकाने एवढी वाट पाहिली आहे, तर दोघी एकत्र असताना कशा असतात हेही त्याला थोडं बघू द्या. एकत्र आल्यावर त्यांचं पहिलं भांडण कशावरून होतं? माझ्या वाचकांना तेच प्रकरण सर्वांत आवडलं.

एकच तंबू, एकच पांघरूण, बाहेर हिमवादळ: हा प्रसंग हजारदा झाला आहे, आणि तरी लिहा. सगळ्यांना आवडतो, मलाही. फक्त त्या रात्रीही तिसरा रकाना भरा.

६. तू, तुम्ही, आपण

आता जे सांगते ते मला तिसऱ्या खर्ड्यात सुचलं, आणि पहिल्यातच का सुचलं नाही म्हणून अजून हळहळते. बऱ्याच भाषांत समोरच्यासाठी एकच सर्वनाम असतं. त्या भाषांतल्या लेखकांना जवळीक दाखवायला दर वेळी नवा प्रसंग शोधावा लागतो. आपल्याकडे शिडी भाषेतच बांधून ठेवलेली आहे.

सगळ्यांत लांबचं 'आपण': आपण बसावं, आपली आज्ञा. मग 'तुम्ही'. मग 'तू'. तुम्हीवरून तूवर येणं ही कादंबरीतली मोठी घटना आहे. ती बेसावधपणे घडू देऊ नका. कोण आधी घसरतं? रागात की झोपेत? दुसरीच्या ते लक्षात येतं का? लक्षात आल्यावर ती तसंच उत्तर देते, की जाणूनबुजून 'तुम्ही'वर राहते? माझ्याकडे ओजसा सेनापती असल्यामुळे इराला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणते, आणि ते 'तू' अधिकाराचं आहे. पुढे इराची किंमत कळल्यावर ती 'तुम्ही'वर जाते. तो आदर आहे, पण इराला ते दूर लोटल्यासारखं वाटतं. मग कित्येक प्रकरणांनी पुन्हा 'तू' येतं, आणि तोच शब्द आता वेगळा असतो. एवढ्यावर माझी शंभर पानं उभी आहेत आणि त्यासाठी एकही ड्रॅगन लागला नाही.

पुढची पायरी 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यातली. 'आम्ही' म्हणजे तुला वगळून, 'आपण' म्हणजे तुला धरून. शत्रूच्या गोटातल्या दोघी सुरुवातीला 'आम्ही' आणि 'तुम्ही' असंच बोलतील. ज्या वाक्यात एकीच्या तोंडून पहिल्यांदा 'आपण' निघतं, तिथे तिने आपली बाजू सोडलेली असते, मग तिला ते कळो न कळो.

आणि गंमत बघा: शिडीची सर्वांत खालची पायरी आणि सर्वांत वरची पायरी यांचा शब्द एकच आहे. "आपण उद्या परत जाणार का?" यात इरा सेनापतीला आदराने विचारते आहे, की दोघींबद्दल बोलते आहे? मी हे वाक्य दोनदा वापरलं, सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे एकदा. दुसऱ्या वेळी ओजसा उत्तर देण्याआधी थांबते.

सापळा: ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या सवयीने सगळ्यांनाच 'आपण', 'आज्ञा असावी', 'जशी मर्जी' असं बोलायला लावलंत, तर ही शिडी पहिल्याच पानावर मोडते. दरबारी भाषा दरबारापुरती ठेवा.

७. 'ती' आणि 'ती'

दोन नायिका म्हटलं की हा गोंधळ येणारच. "तिने तिचा हात तिच्या हातात घेतला." कुणाचा हात, कुणाच्या हातात, किती हात? नायक-नायिकेच्या कथेत क्रियापद आणि सर्वनाम लिंग सांगून मोकळं होतं. इथे ती सोय नाही. मी वापरलेले उपाय:

- एका प्रसंगात एकीचाच दृष्टिकोन ठेवा. जिच्या डोळ्यांनी बघतो ती 'ती'. दुसरीला शक्य तिथे नावानेच हाक.
- स्वतःच्या वस्तूला 'आपला', दुसरीच्या वस्तूला 'तिचा', हा भेद कडक पाळा. "ओजसाने आपली ढाल ठेवली आणि तिची उचलली." बोलण्यात आपण इतके काटेकोर नसतो, लिहिताना राहा.
- 'ही' आणि 'ती' वापरा. जवळची ही, लांबची ती. "हिने हात पुढे केला, तिने मागे घेतला." हे जपून, मोक्याच्या ठिकाणीच, दर परिच्छेदात केलं तर कीर्तन ऐकतोय असं वाटतं.
- कर्ता गाळा. मराठी वाक्य कर्त्याशिवाय छान उभं राहतं.

'ती उंच तरुणी', 'ती सोनेरी केसांची स्त्री' अशी बिरुदं मात्र टाळा. जिच्यावर जीव जडला आहे तिच्याकडे बघताना कुणी मनात 'ती सोनेरी केसांची स्त्री' म्हणत नाही.

याला लागूनच: शरीराचं वर्णन कुणाच्या नजरेतून आहे ते तपासा. माझ्या पहिल्या खर्ड्यात इरा ओजसाकडे अशी बघत होती, जणू भिंतीमागून कुणी तिसराच बघतोय. इरा दुभाषी आहे. ती तोंड बघेल, थुंकी गिळलेली बघेल, शब्दाआधीचा श्वास ऐकेल. आणि ओढ लागलेल्या देहाचं काय होतं हे बघायचं तर सॅफोकडेच जा. तिची पूर्ण म्हणता येईल अशी एकच कविता आज उरली आहे, बाकी बहुतेक तुकडे. पण त्यातल्या एका तुकड्यात प्रिय स्त्री दिसताच जीभ अडखळणं, कातडीखाली आग धावणं, डोळ्यांपुढे अंधारी, कानांत गुणगुण, घाम, थरथर हे सगळं ओळीने येतं. सगळं आतून जाणवलेलं, बाहेरून न्याहाळलेलं काहीच नाही.

८. जादू आणि जखमा

थोडक्यात. जादूने जेवढी संकटं सोडवायची तेवढे तिचे नियम वाचकाला आधी कळलेले हवेत, आणि तिची किंमत कुणीतरी मोजायला हवी. ती किंमत या दोघींच्या मधे आणता आली तर उत्तम. माझ्याकडे मंत्र म्हणणाऱ्याचा एकेक शब्द कायमचा विसरला जातो. दुभाषीसाठी याहून वाईट शिक्षा मला सुचली नाही.

तलवार दहा किलोची नसते. एका हाताची तलवार साधारण एक ते दीड किलोची असते. मोडलेलं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. नायिकेला तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसवू नका. ते आठ आठवडे तुम्हाला आयते मिळाले आहेत, दुसरीला तिच्या उशाशी बसवा.

९. कुणाला मारायचं?

युद्ध आहे म्हणजे माणसं मरणार. पण दोघी एकत्र आल्या आणि पुढच्याच प्रकरणात एकीला बाण लागला, हा शेवट स्त्री-स्त्री प्रेमाच्या कथांत इतक्यांदा झाला आहे की वाचक चुंबन आलं की बाणाची वाट बघतात. मरण नकोच असं मी म्हणत नाही. फक्त त्या दोघींचं प्रेम काढून टाकलं तरी कथेत तेच मरण अटळ ठरलं असतं का, हे स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर बाण दुसरीकडे वळवा. माझा म्हाइरा पुजारी असाच गेला, बिचारा.

१०. वाचकांना काय विचारायचं

"कशी वाटली?" असं विचारू नका, "छान आहे" एवढंच मिळेल. खर्डा देताना सोबत तीन प्रश्न द्या. कोणत्या पानावर पहिल्यांदा संशय आला, की या दोघींमध्ये काहीतरी आहे? कुठे वैतागून म्हणालात, 'अगं, आता बोल की'? आणि कुठली पानं नुसती चाळलीत?

उत्तरं शिडीच्या वहीशेजारी ठेवून बघा. संशयाचं पान तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या आसपास यायला हवं. माझं पहिल्यांदा आठव्या पायरीवर आलं होतं. वैतागाचं पान पहिल्या कबुलीच्या थोडंसं आधी आलं तर हात लावू नका. फार आधी आलं असेल, तर मधली एखादी भेट रिकामी आहे, तिसरा रकाना पुन्हा तपासा. आणि चाळलेली पानं सरळ कापा. माझी चाळीसपैकी सदतीस गेली. उरलेल्या तीन पानांत इरा आणि ओजसा एका कोरड्या विहिरीच्या काठावर बसून भांडतात, म्हणून तेवढं पाणी राहू दिलं.